मगदुमांच्या गिरणीतली गोगली

माझ्या भावाचा उजवा हात परत येणार की नाही, हे एका गुलाबी गोगलगाईवर ठरणार आहे, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. छत्तीस वर्षं गणित शिकवल्यावर ही सवय लागते. पण दोन हजार बेचाळीसच्या मार्चमध्ये डॉक्टर मुजावर मला अगदी हेच सांगत होत्या, आणि त्या माझ्या वर्गात नव्हत्या.

माझा धाकटा भाऊ भरतेश मिरजेत आमच्या वडिलांची पिठाची गिरणी चालवतो. जानेवारीत एका सकाळी दळण टाकताना त्याच्या हातातून डबा सुटला, आणि तो उचलायला वाकला तो उठलाच नाही. मेंदूत रक्ताची गाठ. पाय आठवड्यात सुधारला, बोलणं पंधरा दिवसांत परत आलं. ते अजून चार दिवस उशिरा आलं असतं तरी माझी हरकत नव्हती, असं मी त्याला चिडवायचे. उजवा हात मात्र दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा लोंबत राहिला.

त्याची बायको विजया चार वर्षांपूर्वी गेली. लेक कोचीला नोकरी करते. मी पुण्यात एकटी, निवृत्त, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. तेव्हा मी आले आणि आल्या आल्या सगळं हातात घेतलं. हॉस्पिटल मी निवडलं, कागदांवर सह्या मी केल्या, आणि हात आला नाही तर गिरणी बंद करून त्यानं माझ्याकडे पुण्याला राहायला यायचं, हेही मीच ठरवून टाकलं.

"आक्का, मला इचारायचंस तरी," तो म्हणाला.

"विचारून काय होणार आहे? एका हातानं टाकी लावणार आहेस?"

आमची दगडाची गिरणी. दळून दळून दगडाच्या खाचा बोथट होतात, मग आठ-दहा दिवसांनी दगड उघडून छिन्नीनं त्या नव्यानं घालाव्या लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात हातोडी, आणि ठोके असे की ना दगड फुटावा ना अंगठा. भरतेशच्या टाकीनं दळलेल्या ज्वारीची भाकरी थापताना कडेला चिरत नाही, असं आमच्या पेठेतल्या बायका अजून सांगतात. बाजारात तयार पिठाची थप्पी लागलेली असतानाही त्या डबा घेऊन त्याच्याचकडे येतात. हात गेला तर हे सगळं गेलं.

डॉक्टर मुजावर पस्तिशीच्या, बोलायला मऊ, कामाला कडक. त्यांच्या विभागात नवीन आलेली एक बाही होती. खरोखरची बाही, राखाडी रंगाची, कोपरापासून बोटांपर्यंत येणारी. तिच्या आतल्या बाजूला अडीचशे बारीक ठिपके.

"काका, तुमचा हात मेलेला नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूचा जो भाग हाताला हुकूम सोडतो, त्याचा एक तुकडा गेलाय. पण लहानपणी घोटून शिकलेल्या हालचाली मागच्या लहान मेंदूत साठवलेल्या असतात. तो शाबूत आहे. तिथून हुकूम अजून निघतात, फक्त हातापर्यंत येता येता इतके पुसट होतात की स्नायूंना ते ऐकूच येत नाहीत. बाहीला येतात. ती ऐकते आणि त्याच स्नायूला हलका विजेचा धक्का देते."

"मग घाला की," भरतेश म्हणाला.

"अडचण अशी आहे की तिला भाषा येत नाही. हजार पुसट आवाजांतला कुठला 'अंगठा दाब' म्हणतो आणि कुठला 'मूठ उघड' म्हणतो, आणि नेमका कधी म्हणतो, हे तिला शिकवावं लागतं. त्यासाठी मला अशी एखादी गोष्ट हवी, जी तुम्ही लहानपणी हजारो वेळा केली आहे आणि जिची बरोबर वेळ मला आधीच ठाऊक आहे. टाकीचा ठोका नाही चालणार, तो दर वेळी थोडा मागंपुढं पडतो. जुने व्हिडिओ गेम चालतात. दर वेळी तंतोतंत तेच घडतं. माझ्यासाठी ती फूटपट्टी आहे. तुम्ही लहानपणी कुठला खेळलाय?"

भरतेशनं माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. साठी उलटलेली आम्ही दोघं एकदम म्हणालो, "गोगली."

एक्क्याण्णव साली वडिलांनी, आमच्या अप्पांनी, गिरणीच्या कोपऱ्यात व्हिडिओ गेमचं एक उभं यंत्र आणून ठेवलं होतं, दळणाचा नंबर येईपर्यंत पोरांनी आयांच्या पदराला लोंबकळू नये म्हणून. त्यावर जपानी अक्षरांत काहीतरी नाव होतं. ते मिरजेत कुणाला वाचता येणार? खेळातल्या गोगलगाईला आम्ही गोगली म्हणायचो. गुलाबी शंख, त्यावर पिवळे ठिपके, दोन लांब डोळे. पानापानांवर उड्या मारत भोपळ्याच्या वेलाच्या शेंड्याला जायचं आणि वरून मिठाच्या बरण्या खडे टाकत असायच्या, हसत हसत. खडा लागला की गोगली उलटी पडायची आणि तिच्या डोळ्यांतून मोजून दोन थेंब गळायचे. दिसायला इतकी गोड आणि खेळायला इतकी दुष्ट गोष्ट मी त्यानंतर फक्त नववीच्या वर्गात पाहिली. चाळीस वेल होते. एकतिसाव्या वेलावर बरण्यांची तीन फिरती झाकणं यायची, आणि तिथून पुढे मिरजेतलं कुणी कधी गेलं नाही.

हॉस्पिटलच्या संग्रहात गोगली होती. यंत्र नव्हे, तिची हुबेहूब नक्कल, काळ्या फळीवर एक दांडी आणि एक बटण. पडद्यावर ते दोन डोळे वर आले तेव्हा भरतेशच्या घशातून असा काही आवाज निघाला की मला एकदम तो दहा वर्षांचा दिसला. मला रडू आलं. मी चष्मा पुसला.

तपासणी उजव्या हाताची, त्यामुळे गोगलीला डावी-उजवीकडे चालवायचं काम संगणक करायचा आणि भरतेशनं फक्त उडीचं बटण दाबायचं. दाबायचं म्हणजे दाबायचा प्रयत्न करायचा. बोट हलत नव्हतं, म्हणून पडद्यावरची उडीही संगणकच बरोबर वेळेला मारायचा, पण बाही ऐकत होती. रोज सकाळी एक तास, तीन आठवडे. तंत्रज्ञ कांबळे आकडे काढायचे. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं. त्या एका बदलाला कांबळे 'टिचकी' म्हणायचे, तोच शब्द आम्ही सगळ्यांनी उचलला.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं.

"चांगली बातमी अशी की हुकूम स्वच्छ ऐकू येतायत. वाईट अशी की सगळे चुकीच्या वेळी येतायत. प्रत्येक उडी तीन टिचक्या आधी. चौथ्या वेलावरही तीन, विसाव्यावरही तीन. आजारात वेळेचं गणित बिघडलेलं दिसतंय."

"मग?" मी विचारलं.

"मग बाहीला सांगायचं, की हुकूम ऐकलास की तीन टिचक्या थांब. शुक्रवारी हा नकाशा पक्का करावा लागेल. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत नसाच त्याच्याभोवती बसतात. ओल्या सिमेंटवर पाऊल उमटल्यासारखं आहे ते. मागाहून बदलता येत नाही."

"तीन टिचक्या म्हणजे सेकंदाचा विसावा भाग," मी म्हणाले. "त्यानं काय बिघडतं?"

"पेला धरायला काही नाही. पण हातोडी मारायची असेल तर खूप. चूक असताना दुरुस्ती केली नाही तर हात कायम घाई करणार. चूक नसताना दुरुस्ती केली तर कायम उशीर करणार. दोन्हीकडे अंगठा काकांचाच."

त्या दुपारी भरतेशला व्यायामाला नेलं होतं आणि मी त्या फळीसमोर बसून होते. कांबळे डबा खात होते. म्हणाले, "खेळा की बाई. कुणी ओरडत नाही."

लहानपणी आमची वाटणी ठरलेली असायची. दांडी माझी, बटण भरतेशचं. यंत्र एक आणि भावंडं दोन म्हटल्यावर काय करणार? पण माझी शाळा सकाळची आणि त्याची दुपारची. दुपारी गिरणीत शुकशुकाट असताना मी एकटीनं खेळायचे, तेव्हा दांडीही माझी आणि बटणही माझं. त्यामुळे मी ऐटीत बसले. पहिल्या वेलावर पडले. परत पहिल्या वेलावर पडले. सातव्यांदा गोगलीनं दोन थेंब गाळले तेव्हा मी यंत्राला अशी शिवी हासडली की कांबळ्यांना ठसका लागला.

"हे बिघडलेलं आहे," मी म्हणाले.

कांबळे हात धुऊन आले आणि माझ्या जागी बसून तीन वेल सहज चढून गेले. त्यांचं लहानपण सांगलीत गेलेलं, एका थिएटरशेजारच्या दुकानात ते गोगली खेळायचे. मग सवयीनं त्यांनी माझ्या उड्यांचे आकडे काढले आणि पडद्याकडे बघत राहिले.

"बाई, तुम्ही पण तीन टिचक्या आधी दाबताय."

दोन माणसं, एकच चूक, आणि आजार फक्त एकाला. मग ती चूक आजाराची कशी असेल? ज्या यंत्रावर आम्ही शिकलो, दोष त्या यंत्राचा असणार.

भरतेश परत आल्यावर मी त्याला हे सांगितलं. माझं वाक्यही पुरं झालं नव्हतं.

"पीठ!" तो म्हणाला. "आक्का, पीठ गं! गिरणीभर पीठ उडायचं, ते त्या बटनात बसायचं. दाबलं की कसं आत जायचं आठव. भिजल्या कणकेत बोट घातल्यागत. अप्पांनी ते कधी उघडून साफ केलं का?"

अप्पांनी आयुष्यात फक्त दोनच गोष्टी उघडल्या, दगड आणि पंचांग. बटण उशिरा लागायचं, म्हणून आम्ही आधी दाबायला शिकलो. आणि आपण आधी दाबतोय हे आम्हाला कधी कळलंच नाही.

मी तशीच तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेले. मागून कांबळे भरतेशला घेऊन येत होते. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"पटण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सख्खी भावंडं. दोघांची घडणच तशी असू शकते. शिवाय तुमचीही साठी उलटली आहे. दोन माणसांच्या आकड्यांवर मी माणसाचा हात कायमचा पक्का करू? तुम्ही गणिताच्या बाई, तुम्हीच सांगा."

मी नाही म्हटलं असतं. एरवी. पण तो माझ्या भावाचा हात होता आणि मला माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर वाटत होतं.

"दुरुस्ती करायची नाही," मी म्हणाले. "कागद द्या, मी सही करते."

"आक्का."

भरतेशनं आवाज चढवला नव्हता. तो कधीच चढवत नाही.

"हात माझा हाय," तो म्हणाला. "पुण्याला यायचं तू ठरवलंस, दवाखाना तू ठरवलास. हे मला ठरवू दे. डॉक्टर, आणखी माणसं आणली तर चालतील का? आमच्या गिरणीत खेळलेली?"

"किती?"

"किती पायजेत?"

मला राग आला, हे कबूल करते. आणि त्या रागाखाली लाज होती, तीही सांगून टाकते. कारण माणसं आणायचं मला सुचलंच नव्हतं. मी सत्याण्णव साली पुण्याला गेले. मला त्या गिरणीतलं एक यंत्र आठवत होतं. त्याला त्या यंत्राभोवतीची सगळी पोरं ठाऊक होती. ती आता आजी-आजोबा झाली होती आणि अजून त्याच्याचकडे दळण आणत होती.

डाव्या हातानं फोनवर बोट फिरवत तो दोन दिवस एवढंच काम करत होता. "शांतिनाथ, मी भरतेश. बरं हाय. गोगली आठवतीय का?" एवढं बोलला की पलीकडून हसणं ऐकू यायचं.

गुरुवारी सकाळी हॉस्पिटलच्या त्या गुळगुळीत वऱ्हांड्यात नऊ माणसं रांगेत बसली होती. आमच्या जैन मंदिरातले पुजारी शांतिनाथ उपाध्ये पांढऱ्याशुभ्र धोतरात. वेल्डिंगवाले इक्बाल शिकलगार, चष्म्याला दोरी लावून. मीनाक्षी सुतार, तिचे गुडघे बदललेले, सोबत नातीला घेऊन आलेली. बाकीची सहा मला आधी ओळखूच आली नाहीत. सगळ्यांनी सवयीनं आपापली पिशवी रांगेत ठेवली होती आणि नंबर लावला होता.

"मधी घुसायचं न्हाई हां, इक्बाल," मीनाक्षी म्हणाली. "तवाबी घुसायचास."

"तवा तुझी आई मला पुढं सोडायची. माझं गव्हाचं असायचं, तुमचं मिरचीचं!"

एकेक जण आत गेला, फळीसमोर बसला आणि धडाधड पडू लागला. उपाध्ये पंडितांनी गोगली उलटी पडल्यावर कान धरले. इक्बालभाई "यंत्र बदला, यंत्र बदला" म्हणत होते. मीनाक्षीची नात आजीला म्हणाली, "आजी, तू उडी आधीच मारायलीस," आणि डॉक्टर मुजावर चटकन वळल्या.

सगळे आकडे एका कागदावर आले. अडीच, तीन, साडेतीन, तीन, तीन. नऊच्या नऊ माणसं अडीच ते साडेतीनच्या मध्ये. कांबळ्यांनी स्वतःचा आणि सांगलीतल्या आपल्या दोन मित्रांचा आकडा शेजारी लिहिला. शून्य, शून्य, अर्धा.

डॉक्टरांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि त्या हसल्या. "काका, तुमच्या मेंदूचं काही बिघडलेलं नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या पिठाचा हिशेब तो अजून चोख ठेवतोय."

"मग दुरुस्ती?"

"माझं मत, नको. पण ठरवायचं तुम्ही."

भरतेशनं कागद पुढे ओढला आणि डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली. त्याला तब्बल दोन मिनिटं लागली. माझ्या हातात पेन होतं, आणि मी ते पर्समध्ये ठेवलं.

शुक्रवारी नकाशा पक्का झाला. दुपारी बाही चढवल्यावर त्याचा अंगठा हलला, मग तर्जनी, मग त्यानं टेबलावरचा रबरी चेंडू मुठीत दाबला आणि सोडला. फार काही नाट्य झालं नाही. तो फक्त म्हणाला, "आक्का, जेवण आण. दिवस मावळायच्या आत खायचंय." आणि घास त्यानं उजव्या हातानं घेतला. निम्मा भात सांडला. तो भात मी गोळा केला नाही, तसाच बघत बसले.

जूनमध्ये त्यानं दगड उघडला. मी समोर पाटावर बसले होते. सदऱ्याच्या आत राखाडी बाही, हातात अप्पांची हातोडी. पहिला ठोका, दुसरा, दहावा. मी मोजत होते, मला दुसरं काय येतं? दोनशे तीस ठोके झाले आणि डावा अंगठा जागच्या जागी होता. तीन टिचक्यांची दुरुस्ती केली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी एकदाच केला आणि सोडून दिला. संध्याकाळी पहिलं दळण मीनाक्षीचं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन भाकरी फडक्यात बांधून पाठवल्या. कडा गोल होत्या. पुण्याचा विषय त्यानंतर मी काढला नाही, आणि त्यानं तो काढायची वेळ आणू दिली नाही. मीच माझं सामान थोडं थोडं मिरजेला आणते आहे. हे मला कुणी सांगितलेलं नाही आणि मीही कुणाला विचारलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये शेवटची तपासणी होती. आता रोज काही तास बाही काढून ठेवता येत होती आणि हात तिच्याशिवाय, हळू का होईना, आपलं काम करत होता. तपासणी झाल्यावर कांबळ्यांनी आम्हाला थांबवून घेतलं.

"बाई, काका, तुमच्यासाठी एक गंमत केली आहे." त्यांनी खेळाच्या मांडणीत एक नवी ओळ घातली होती. ती निवडली की बटण तीन टिचक्या उशिरा लागायचं. ओळीवर लिहिलं होतं, 'मगदूम गिरणी'. "आता जा एकतिसाव्या वेलापर्यंत. दोघं मिळून."

मला कोण आनंद झाला! मी लगेच डावीकडची खुर्ची ओढली आणि दांडीला हात घातला. पन्नास वर्षं राहिलेली ती तीन झाकणं माझ्या डोळ्यांपुढे फिरायला लागली होती. पहिलं झाकण चुकवायचं, दुसऱ्यावर थांबायचं, सगळं मनात ठरलंही होतं.

"सरक," भरतेश म्हणाला.

"का?"

"दांडी मला दे."

"तू कधी दांडी धरली आहेस का?"

"तेच म्हणतोय मी."

मी त्याच्याकडे बघितलं. दांडी डाव्या हाताची असते. त्याचा डावा हात जानेवारीतही धडधाकट होता, आणि एक्क्याण्णव सालीही होता. मला म्हणावंसं वाटलं, की अरे, तुला पाहिजे होती तर मागायचीस. पण त्या यंत्रापुढे मी त्याला कधी मागायची संधी दिली होती?

मी उठून उजवीकडे बसले. त्यानं दांडी धरली, अगदी घट्ट, नवशिके धरतात तशी. गोगली निघाली आणि थेट उलट्या दिशेला गेली, कुंपणावर आपटली, परत आली, आणि पहिल्याच पानावर मिठाचा खडा तिच्या डोक्यात बसला. दोन थेंब गळले. भरतेश इतका हसला की खुर्ची हलली.

"अरे, आधी डावीकडून—" मी सुरुवात केली.

"आक्का," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "कुठं जायचं ते मी बघतो. तू फक्त उडी मार."

मी तोंड मिटलं, बटणावर बोट ठेवलं आणि त्याची वाट बघत बसले.